उत्तर पुढच्या बाजाराला

चि. ईशान आणि चि. मीरा,

मागच्या रविवारी फोनवर मी तुम्हाला नेहमीसारखा एक प्रश्न घातला : घोडा उभ्यानेच का झोपतो? उत्तर पुढच्या रविवारी सांगेन, म्हणाले. त्यावर ईशान म्हणाला, "आजी, तू बोलत होतीस तेवढ्यात मला उत्तर सापडलंसुद्धा. आठवडाभर थांबायचं कशाला?" मीरा हसली, आणि तुमची आई मागून म्हणाली, की आजीची ही खोड जुनीच आहे. खोड जुनी खरी, पण ती मी दुसऱ्याकडून उचलली आहे, आणि त्या माणसाची तुम्हाला ओळख करून द्यायची राहून गेली आहे. अलीकडे माझी नजर अधू झाली आहे. लिहिताना ओळी खाली उतरू लागतात. त्या सरळ ठेवता येताहेत तोवर हे काम उरकते.

त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. आप्पांनी कुठल्याही प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी दिल्याचे मला आठवत नाही. तुम्ही कितीही गळ घाला, पाय आपटा, रुसून बसा; ते मान हलवत आणि म्हणत, "उत्तर पुढला बाजारले." म्हणजे पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी. ते सारंगखेड्याचे, तापीकाठचे, त्यामुळे बोलणे अहिराणी. माझी आईही शहाद्याकडची, तीही घरात तेच बोलायची. प्रमाण मराठी मी शाळेत शिकले आणि इंग्रजी त्याच्याही नंतर.

माझे वडील, म्हणजे नाना, जंगल खात्यात कारकून होते. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आधीची काही वर्षे त्यांची नेमणूक सातपुड्यात मोलगीला होती. आमचे घर कचेरीला लागून, आणि घराच्या ओट्यासमोरच आठवड्याचा बाजार भरायचा. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसे पहाटेच निघत, डिंक, मध, कोंबड्या घेऊन येत आणि मीठ, तेल, कापड घेऊन परत जात. त्यांची बोली वेगळी. आप्पांना ती मोडकीतोडकी येई, मला त्यांच्याहून थोडी बरी. त्या लोकांचे बोलणे मी इथे आपल्या भाषेत लिहिते आहे.

आप्पांची नोकरी देवी टोचण्याची. देवी म्हणजे एक रोग होता. ताप येई, अंगभर फोड येत. कुणी त्यात जाई, कुणाचे डोळे जात, आणि जे उठत त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे वण राहत. लोक रोगालाच देवी म्हणत. ती अंगात येते, तिचा मान ठेवला की ती निघून जाते, असे समजत. मग देवी येण्याआधीच सरकारी माणसाने नस्तराने दंडावर ओरखडे काढून त्यात लस चोळायची, ही गोष्ट त्यांना कशी रुचावी? आप्पा येताना दिसले की आया पोरांना टोपल्यांखाली झाकत. डोंगरात त्यांना सगळे टोच्या म्हणत, तेही तोंडावर. आप्पांना त्याचे काही वाटत नसे. "मी टोचस, मंग काय गुलाब म्हनतीन का?" असे ते आईला म्हणायचे.

टोचून काम संपत नसे. आठवड्याने पुन्हा दंड पाहायचा असे. फोड उठला असेल तर लस लागू पडली, नसेल तर पुन्हा टोचायचे. आणि एकदा सुटलेले पोर दुसऱ्यांदा हाती लागणार कसे? यावर आप्पांनी काढलेली युक्ती म्हणजे प्रश्न. नस्तर दंडाला लागायच्या क्षणी ते पोराला एक प्रश्न घालत. पोर तोंड उघडे टाकून विचारात पडे, तेवढ्यात ओरखडे काढून होत. उत्तर मात्र पुढच्या बाजाराला. आठवडाभर ते पोर घरच्यांचे डोके खाई, आणि पुढच्या बाजारी आईला पदराला धरून घेऊन येई. मला लहानपणी टोचले होते ते नीट उठले नव्हते, म्हणून आमच्याच ओट्यावर त्यांनी मला पुन्हा टोचले. तेव्हा त्यांनी मला विचारले होते, "घोडा उभ्याउभ्या का झोपस, सांग बरं?" आठवड्याने दंडावर चार टपोरे फोड होते, आणि उत्तर ऐकायला मी सकाळपासून ओट्यावर बसले होते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे मोठे व्यापारी येतात, त्यांनी आप्पांना सांगितले होते : घोड्याच्या पायात आतून खीळ बसल्यासारखी होते, म्हणून उभे राहायला त्याला जोर लागत नाही, आणि बसलेल्या घोड्याला उठायला वेळ लागतो, तेवढ्यात वाघ येतो. ईशानला सापडलेले उत्तर बहुधा हेच असेल. त्यात वाघ आहे का, ते मला रविवारी सांग.

आप्पांचे प्रश्न पोरांपुरते राहत नसत. एकदा त्यांनी म्हसावदच्या मिरचीवाल्याला विचारले, "मिरची आपला मुलुखमा कोठून उनी?" तो म्हणाला, "कोठून म्हंजे? मन्हा वावरमातून." पुढच्या बाजाराला आप्पांनी उत्तर दिले, की मिरची मूळची आपल्याकडची नाहीच, फिरंग्यांच्या जहाजांतून समुद्रापलीकडून आली. मिरचीवाल्याचा चेहरा मिरचीसारखा झाला. "मंग आमना आजाना आजा काय गूळ टाकीसन भाजी खाये का?" आप्पा शांतपणे म्हणाले, "मिरे टाकीसन." त्यानंतर कित्येक बाजार तो आईला वरची मूठभर मिरची देईना. आईने विचारले तर म्हणे, "परदेशी माल शे बाई, परवडत नही. आप्पाले विचारा."

ते चुकतही. किड्यांना सहा पाय असतात हे सांगताना त्यांनी मुंगी आणि माशीच्या जोडीला कोळीही बसवला. पुढच्या बाजाराला बुधी नावाची मुलगी पळसाच्या पानांचा द्रोण दोन्ही हातांनी झाकून घेऊन आली. बुधी माझ्याच वयाची, डोंगरातल्या एका पाड्यावरची. आईबाप आणि आजीबरोबर दर बाजारी यायची आणि आमच्या ओट्याखाली माझ्याशी सागरगोटे खेळायची. तिने द्रोण उघडून आप्पांपुढे धरला. त्यात एक मोठा कोळी होता. "मोज," ती म्हणाली. आप्पा खाली बसले, मोजले, आणि उठून सबंध बाजारात हिंडून प्रत्येक पोराला सांगत सुटले, "मागला बाजारनं उत्तर चुकनं. कोळीले आठ पाय. बुधीनं बरोबर." नानांना हे पटले नाही. ते म्हणाले, "आप्पा, सरकारी माणसाने भर बाजारात असं कबूल करत फिरू नये." आप्पा म्हणाले, "कोळीले आठ पाय शेतस नाना, त्याले सरकार काय करी?"

ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे बाकी असेल त्याची ते उपरण्याच्या टोकाला गाठ मारत. उत्तर दिले की गाठ सोडत. आई त्यांना चिडवायची, "आप्पा, उपरणाले आते गाठ माराले जागा नही ऱ्हायनी. मन्ही नऊवारी लई जा." एकदा मी रागावून विचारले, की तुम्हाला उत्तर ठाऊक असते, मग त्याच दिवशी का सांगत नाही? आप्पा हसले. "माले तरी कोठे ठाऊक ऱ्हास, पोरी? तू बी शोध, मी बी शोधस." तेव्हा मला कळले, की आठवडा त्यांनाही लागत असे. नंदुरबारचे स्टेशनमास्तर, तळोद्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर, नवापूरकडचे मिशनचे पाद्री, यात्रेतले घोडेवाले, ज्या वाटेने जात त्या वाटेवर जो भेटेल त्याला ते गाठीतला प्रश्न विचारत. काही गाठी महिनोन्‌महिने सुटत नसत.

आता गाडग्याचे सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. लस काचेच्या बारीक नळ्यांतून येई. त्या नळ्या पत्र्याच्या डबीत, आणि डबी एका मातीच्या गाडग्यात. गाडग्याभोवती ओले फडके. नाला दिसला की आप्पा थांबून फडके भिजवत. मुक्कामाला गेले की गाडगे दारात वाऱ्याला टांगत. लसीला ऊब लागली की ती मरते, हे त्यांना पक्के माहीत होते. मात्र ते त्यांनी कधी कुणाला सांगितले नव्हते. टोच्या आपले गाडगे ओले ठेवतो एवढेच लोकांनी पाहिले होते.

एका वर्षी होळीच्या आधी खाली मैदानात देवीची साथ सुरू झाली. डोंगरातली निम्मी माणसे होळी झाली की मजुरीला खाली उतरतात, पोरेबाळे घेऊन. ती उतरायच्या आत सगळ्या पोरांना टोचून, फोड उठलेले पाहून घ्यायचे होते. आप्पा त्या दिवसांत घरी गेलेच नाहीत. पाड्यापाड्यांवर मुक्काम करत हिंडत होते. बुधीच्या पाड्यावर ते तिच्याच घरी उतरले, कारण तिची आजी त्या पाड्यात सगळ्यांत मोठी. तिला सगळे डोकरी म्हणत. डोकरीने हो म्हटले म्हणून पाड्यातल्या सगळ्या पोरांना सकाळी टोचून झाले. प्रश्न होता : काजव्याचा उजेड हाताला चटका का देत नाही?

पुढच्या बाजाराला बुधीच्या पाड्यातली पोरे आमच्या ओट्यापुढे दंड पुढे करून उभी राहिली. आप्पांनी पहिला दंड पाहिला, दुसरा पाहिला, मग भराभर सगळे पाहिले. एकालाही फोड नव्हता. ओरखड्यांच्या जागी नुसत्या वाळलेल्या रेघा. पाड्यातली माणसे मात्र खुशीत होती. बुधीचा बाप म्हणाला, "देवी खूश आहे, टोच्या. कुणाला तापसुद्धा आला नाही."

त्याच डबीतल्या नळ्यांनी आप्पांनी पाड्यावर टोचण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावात टोचले होते आणि तिथल्या पोरांचे फोड चांगले उठले होते. मधे फक्त एक रात्र गेली होती. त्यांनी विचारले, "त्या रात्री माझं गाडगं कुठे होतं?"

बुधीने ते मोठ्या कौतुकाने सांगितले. "तू दारात टांगलं होतंस. आजीने गाडग्यातली डबी काढून देवीला आत घेतलं. एवढ्या थंडीत ओल्या फडक्यात काकडली असती. चुलीजवळ पाटावर बसवलं, दिवा लावला, रात्रभर लाकडं सारत बसली. तू उठायच्या आत परत गाडग्यात ठेवलं."

डोकरी मागेच डिंकाचे गाठोडे घेऊन बसली होती. आप्पांच्या चेहऱ्याकडे पाहून ती उठली. "काय झालं? माझं काही चुकलं का?"

नाना ओट्यावरून म्हणाले, "स्पष्ट सांगून टाका तिला, म्हणजे पुन्हा असं करणार नाही."

आप्पांनी स्पष्ट सांगितले, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणि वेगळेच. "चूक माझी झाली. ही देवी गारव्यात जगते, उबेत मरते. हे मी कुणाला सांगितलंच नाही. बाजारभर सवाल घालत फिरलो, आणि माझ्या खांद्यावरच्या गाडग्याचा सवाल काही घातला नाही."

"म्हणजे मी देवीला मारलं," डोकरी म्हणाली.

"तू पाहुणीला उबेला बसवलंस. तिला काय सोसतं ते सांगायचं काम तिला घेऊन येणाऱ्याचं होतं."

मग पुन्हा टोचावे लागेल म्हणताच गलका झाला. एकदा झाले ते झाले, देवीला पुन्हा पुन्हा हात लावायचा नसतो, ती कोपते, असे म्हणत माणसे पांगू लागली. डोकरीने डिंक न विकताच गाठोडे डोक्यावर घेतले. पोरे तेवढी उभी होती, काजव्याच्या उत्तरासाठी. मला वाटले, आता आप्पा उत्तर अडवून धरतील. पुन्हा टोचून घ्याल तर सांगतो म्हणतील. त्यांनी तसे केले नाही. कबूल केले होते म्हणून उत्तर देऊन टाकले : चुलीत लाकूड जळते तसे काजव्यात काही जळत नाही, त्याच्या अंगातले दोन रस एकमेकांत मिसळून उजेड पडतो, म्हणून तो थंड. गाठ सोडली. लगेच दुसरी मारली. "ढोल वाजवायच्या आधी विस्तवापाशी का धरतात? उत्तर भोंगऱ्याला."

भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीचा शेवटचा बाजार. त्या दिवशी पाड्यापाड्यांवरून मोठाले ढोल घेऊन माणसे नाचत उतरतात. नाना आप्पांना म्हणाले, "ते भोंगऱ्याला येतील, नाचतील आणि जातील. दंड काही पुढे करणार नाहीत."

"उत्तर ऐकाले तं येतीन ना," आप्पा म्हणाले आणि गाडगे उचलून चालू लागले. ताजी लस तळोद्याला शिल्लक नव्हती. नंदुरबारला रेल्वेने यायची, तिथपर्यंत जाणे भाग होते. त्यांच्या हाती एवढा एकच बाजार उरला होता.

भोंगऱ्याच्या दिवशी सकाळपासून डोंगर वाजत होते. बुधीचा पाडा सगळ्यांत मोठा ढोल घेऊन आला. डोकरीही आली, पण आमच्या ओट्याकडे तिने पाहिले नाही. पोरे मात्र ओट्यावर येऊन बसली. "टोच्या आला?" नाही. थोड्या वेळाने पुन्हा, "टोच्या आला?" दुपार उलटली. दुकानदार पाले सोडू लागले. नानांना पोरांची दया आली असावी. ते बाहेर येऊन म्हणाले, "अरे, मी सांगतो. कातडं तापलं, की—" बुधीने दोन्ही कान दाबून धरले. तिचे पाहून सगळ्या पोरांनी कान दाबले. "तू नको सांगू," ती ओरडून म्हणाली, कारण तिला स्वतःचेच ऐकू येत नव्हते. "ज्याने घातला तोच सांगेल." नाना आत गेले आणि आईला म्हणाले, "या लोकांना माझ्याकडून साधं उत्तरही नको." आई म्हणाली, "तुम्ही कोठे सवाल घाला व्हता?"

उन्हे कलली तेव्हा आप्पा खिंडीकडून येताना दिसले. लंगडत होते. अंगरखा घामाने चिकटलेला, आणि गाडग्यावरून पाणी ठिबकत होते. पाणीसुद्धा न पिता ते सरळ बुधीच्या पाड्याच्या ढोलापाशी गेले. ढोलवाल्याला म्हणाले, आधी वाजव. वाजवून वाजवून कातडे सैल झाले होते, आवाज बसका आला. आता विस्तवापाशी धर आणि वाजव. त्याने धरला, फिरवला, आणि टिपरू मारताच ढोल असा बोलला की पाले सोडणारे दुकानदारही वळून पाहू लागले.

"ऊब लागली की कातड्यातलं पाणी जातं, ते ताणलं जातं, म्हणून बोलतं," आप्पा म्हणाले. "ढोलाला ऊब हवी. ह्या गाडग्याला नको. वाऱ्याने ह्याचं पाणी उडतं आणि उडताना आतली ऊब घेऊन जातं. दोन्हीकडे पाणीच जातं. एक त्याने बोलतो, दुसरं त्याने गार राहतं." मग ते गाडगे घेऊन डोकरीपुढे जाऊन बसले. "हात लाव."

डोकरीने तळवा गाडग्याला टेकला आणि बराच वेळ काढला नाही.

"नंदुरबारपासून एवढं गार आणलंस?"

"हो."

"उन्हातून?"

"नाल्यानाल्यावर भिजवत आणलं, आई."

तिने मान वळवून बुधीला हाक मारली आणि तिचा दंड आप्पांच्या पुढे केला. "हिच्यापासून लाग. मग माझाही घे." बुधीचा बाप काही बोलायला पुढे झाला, तर ती म्हणाली, "माझ्या घरात मेली ती. मी परत बोलावते आहे. तुला काय करायचं?" मग तिने आप्पांच्या हातातून गाडगे काढून घेतले, आमच्या ओट्याच्या सावलीत मांडीवर धरून बसली, आणि माझ्याकडून तांब्याभर पाणी मागून घेऊन शेवटच्या पोराचे टोचून होईपर्यंत फडक्यावर शिंपडत राहिली. कुणी जवळ आले की म्हणे, "बाजूला हो, वारा अडवू नको."

होळी झाल्यावर, माणसे खाली उतरायच्या आत, आप्पा पाड्यावर जाऊन आले. सगळ्यांचे फोड उठले होते. डोकरीचाही. पुढे मजुरीच्या ठिकाणी साथ होतीच. नांगरणीच्या आधी माणसे डोंगरात परत आली, तेव्हा बुधीच्या पाड्यावरची सगळी पोरे परत आली. पलीकडच्या एका पाड्यावरची सगळी आली नाहीत. ते लोक भोंगऱ्याला ढोल वाजवून, टोचून न घेताच निघून गेले होते. त्या पाड्याचे नाव निघाले की आप्पा उपरण्याच्या टोकाशी चाळा करत, आणि तिथे त्या वेळी गाठ नसे.

पुढच्या वर्षी नानांची बदली म्हसावदला झाली. मला पुढे शिकवायचे की नाही यावर घरात बोलणे चालले होते. आप्पा निरोप द्यायला आले तेव्हा नानांना एवढेच म्हणाले, "या पोरीना सवाल आते माले झेपत नही. हिले शाळामा धाडा." गाडीत सामान चढले. मी बसल्यावर ते जवळ आले. "गोदावरी पश्चिमले समुद्रजोडे जन्मस, तरी पार पूर्वले जास. आपली तापी पूर्वतून येस आणि पश्चिमले जास. का बरं?" मी म्हणाले, आप्पा, आता पुढचा बाजार कुठला? ते गाठ मारत म्हणाले, "कोठला बी. उत्तर पुढला बाजारले."

त्यानंतर मी त्यांना पाहिले नाही. हिवतापाने ते सारंगखेड्याला वारले, हे आम्हाला बरेच उशिरा कळले. मी तेव्हा धुळ्याला इंग्रजी शाळेत होते. तापीचे नानांना विचारले तर ते म्हणाले होते, ढाळ असेल तसे पाणी जाते. ते बरोबर होते, पण ढाळ तसाच का, हा प्रश्न उरलाच. कॉलेजात गेल्यावर भूगोलाच्या एका जाड इंग्रजी पुस्तकात मला ते सापडले. ते पान समजण्यापुरते इंग्रजी आले, याचा मला त्या दिवशी परीक्षेतल्या नंबरापेक्षा जास्त आनंद झाला. दख्खनची सगळी जमीन पूर्वेकडे कलली आहे, म्हणून गोदावरी पूर्वेला जाते. पण सातपुड्याच्या पायथ्याशी फार पूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून मधला पट्टा खाली खचला. तापीला ती खोल वाट आयती मिळाली आणि ती पश्चिमेला गेली.

त्या सुट्टीत मी सारंगखेड्याला आप्पांच्या घरी गेले. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, एकट्याच होत्या. दारात वाऱ्याला पाण्याचे मडके ठेवलेले होते आणि त्याभोवती आप्पांचे उपरणे ओले करून गुंडाळले होते. त्यातलेच गार पाणी त्यांनी मला दिले. मी तापीचे उत्तर सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माले काय सांगस, बाई? त्यास्ले सांगाले पाहिजे व्हतं. घाटवर बठीसन पानीकडे दखी ऱ्हायेत. म्हनेत, त्या पोरीले कबूल कयं शे, माले अजून सापडनं नही."

उपरण्याच्या एका टोकाला गाठ होती. मी ती सोडायला गेले. सुटेना, पाण्याने आवळून ती दगडासारखी झाली होती. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यानाच करता मी ते धुस, पिळत नही." मग मला पोचवायला वेशीपर्यंत आल्या आणि विचारले, "परत कधी येशी?" मी म्हणाले, पुढल्या सुट्टीत. आणि गेले. त्या होत्या तोवर दर सुट्टीत जात राहिले.

ईशान, मीरा, तुम्हाला उत्तरे लवकर सापडतात हे चांगलेच आहे. सापडली तरी जवळ ठेवा आणि रविवारी फोन करा. मीही तोवर माझे शोधून ठेवते.

आता काकू नाहीत. डोकरी तर फार पूर्वीच गेली. बुधीचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. देवीचा रोग साऱ्या जगातून गेला, म्हणून तुमच्या दंडांवर काही नाही. माझ्या डाव्या दंडावर आप्पांनी टोचलेल्या चार खुणा अजून आहेत.